इंग्रजीतले प्रेझेंटेशन : पाठ काय करावे, काय करू नये

इंजिनिअरिंग असो, फार्मसी असो, नर्सिंग असो की एम.एस्सी., शेवटच्या वर्षी एक दिवस असा येतोच की आपल्या मुलाला किंवा मुलीला पडद्याशेजारी उभे राहून दहा मिनिटे इंग्रजीत बोलावे लागते. समोर बाहेरून आलेले परीक्षक, बाजूला गाइड, मागे वर्गातली मुले. वर्षभराच्या मेहनतीचे गुण त्या दहा मिनिटांत पडतात. पुढे नोकरी लागली तरी सुटका नाही. पुण्यातली कंपनी असो की दुबई-कुवेतमधली साइट, आपले काम चार माणसांपुढे मांडता आले नाही तर ते दुसराच कोणी मांडतो आणि नावही त्याचेच होते.

मराठी किंवा उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलांची इथे फार पंचाईत होते. विषय येतो, काम स्वतःच्या हाताने केलेले असते, इंग्रजी पुस्तकही वाचून समजते. पण उभे राहिल्यावर पहिले वाक्य सापडत नाही. मग मूल काय करते? कोणाकडून तरी अख्खे भाषण लिहून घेते आणि रात्रभर जागून पाठ करते. आमच्या मते घोटाळा इथेच होतो. तरावीहमध्ये हाफिजसाहेब एखाद्या ठिकाणी अडले तर मागून लुकमा देणारा कोणीतरी असतो. प्रेझेंटेशनमध्ये लुकमा देणारा कोणी नसतो. बारावी ओळ विसरली की तेरावीही आठवत नाही, आणि मध्येच परीक्षकांनी एक प्रश्न विचारला की सगळी माळ तुटते.

पाठ करावे, पण सगळे नव्हे. दार कितीही मोठे असले तरी ते दोन-तीन बिजागऱ्यांवर फिरते. दहा मिनिटांच्या बोलण्यातही अशा बिजागऱ्या असतात. सुरुवात, एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाणे, आकडा दाखवणे, अडखळल्यावर सावरणे, प्रश्न झेलणे आणि शेवट, या सहा ठिकाणची मिळून चाळीसेक वाक्ये. ती इतकी तोंडात बसावीत की झोपेतून उठवले तरी यावीत. उरलेला मजकूर, म्हणजे आपण काय केले, कसे केले, तो मोडक्यातोडक्या पण स्वतःच्या इंग्रजीत सांगावा. तो पाठ करायची गरज नाही, कारण ते काम आपणच केलेले असते.

ही कल्पना आपल्याला काही नवीन नाही. जुम्याच्या खुत्ब्यात हम्द आणि दुरूद झाल्यावर खतीब 'अम्मा बाद' म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच की प्रस्तावना झाली, आता मुख्य गोष्ट ऐका. अरबी न येणाऱ्यालाही तो इशारा कळतो आणि तो सावरून बसतो. मुशायऱ्यात सूत्रसंचालन करणारे नाजिम असोत की कीर्तनात पूर्वरंगाकडून उत्तररंगाकडे वळणारे बुवा असोत, ऐकणाऱ्याचा हात धरून पुढच्या खोलीत नेणारी ठरलेली वाक्ये सगळ्यांकडे असतात. इंग्रजीत ती वेगळी आहेत, इतकेच.

खालची इंग्रजी वाक्ये आम्ही मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. मुलगी पाठ म्हणत असताना हे पान अम्मीला हातात धरता यावे आणि कुठे चुकले ते सांगता यावे, म्हणून.

सोयीसाठी एक उदाहरण धरू. समजा, रत्नागिरीकडची एक मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या गटाने मासळी सुकवण्यासाठी सौर यंत्र बनवले आहे. काळ्या रंगाच्या पत्र्याखाली हवा तापते, तापलेली हवा वर चढते, जाळीच्या ट्रेमधल्या मासळीतला ओलावा घेऊन धुरांड्यातून बाहेर जाते. काम चांगले झाले आहे. आता ते सांगायचे आहे.

सुरुवातीलाच मुले विचारतात, सलाम करावा का? आपल्या संस्थेचा कार्यक्रम असेल तर जरूर करावा. कॉलेजच्या परीक्षेत बिस्मिल्लाह मनात म्हणावी आणि तोंडाने 'गुड मॉर्निंग, सर. गुड मॉर्निंग, मॅडम' म्हणावे. दुपारी बारानंतर 'गुड आफ्टरनून', संध्याकाळी 'गुड इव्हिनिंग'. 'गुड नाइट' हा निरोप आहे, भेटल्यावर कधीच म्हणायचा नाही. त्यानंतर नाव. इथे नव्वद टक्के मुले 'मायसेल्फ अमुक तमुक' म्हणतात. ते इंग्रजी नव्हे. 'माय नेम इज' म्हणून नाव सांगावे, किंवा साधे 'आय ॲम' आणि नाव. मग 'आय ॲम अ फायनल-इयर स्टुडंट ऑफ मेकॅनिकल इंजिनिअरिंग.' वडिलांचे नाव, गाव, छंद काही नको.

लगेच विषय : 'टुडे आय विल प्रिझेंट अवर प्रोजेक्ट ऑन अ सोलर ड्रायर फॉर फिश.' आणि त्याला जोडून सगळ्या भाषणाचा नकाशा : 'आय हॅव डिव्हायडेड माय टॉक इन्टू थ्री पार्ट्स. फर्स्ट, आय विल एक्सप्लेन द प्रॉब्लेम. देन, आय विल डिस्क्राइब अवर डिझाइन. फायनली, आय विल शो यू द रिझल्ट्स.' या चार वाक्यांचे मोल फार आहे. परीक्षकांना कळते की मुलीच्या डोक्यात क्रम आहे. तिलाही पुढची वाट दिसते. प्रॉब्लेम, डिझाइन, रिझल्ट्स एवढे तीन शब्द लक्षात राहिले तरी ती हरवणार नाही.

इथे दोन चुका टाळाव्यात. 'डिस्कस' आणि 'डिस्क्राइब' यांच्यापुढे 'अबाउट' लागत नाही. मराठीत आपण 'विषयी चर्चा करतो', म्हणून 'डिस्कस अबाउट' तोंडात येते. इंग्रजीत 'आय विल डिस्कस द डिझाइन' एवढेच. आणि 'एक्सप्लेन यू' नाही, 'एक्सप्लेन टू यू'.

प्रश्न शेवटी विचारा, असे श्रोत्यांना सांगायचे वाक्य आहे : 'आय विल बी हॅपी टू टेक क्वेश्चन्स ॲट द एंड.' सेमिनारमध्ये ते चालते. पण परीक्षकांना थांबा म्हणणारे आपण कोण? ते मध्येच विचारणारच. त्यांच्यापुढे 'प्लीज स्टॉप मी इफ एनिथिंग इज अनक्लिअर' हे जास्त शोभते.

आता मुद्दे बदलणे. पहिल्या भागात शिरताना 'लेट अस स्टार्ट विथ द प्रॉब्लेम.' मग स्वतःच्या साध्या वाक्यांत सांगावे की आपल्या किनाऱ्यावर मासळी उघड्यावर सुकते, धूळ बसते, माश्या बसतात, आणि एक सर आली की दिवसाचे काम वाया जाते. 'इन अवर व्हिलेजेस फिश इज ड्राइड इन द ओपन. डस्ट अँड फ्लाइज आर अ प्रॉब्लेम. वन शॉवर कॅन स्पॉइल अ डेज वर्क.' छोटी वाक्ये. लांब वाक्यात 'विच', 'दॅट', 'व्हेअरबाय' घालून भारदस्तपणा आणायचा मोह टाळावा. लांब वाक्य सुरू करणे सोपे असते, त्यातून बाहेर पडणे अवघड.

भाग संपला की तो संपला असे सांगावे आणि पुढचे दार उघडावे : 'सो, दॅट वॉज द प्रॉब्लेम. नाउ लेट अस लुक ॲट द डिझाइन.' हाच आपला 'अम्मा बाद'. याच कुळातली आणखी दोन-तीन वाक्ये आहेत. 'धिस ब्रिंग्ज मी टू माय नेक्स्ट पॉइंट' म्हणजे यावरून मी पुढच्या मुद्द्याकडे येते. 'ॲज आय मेन्शन्ड अर्लिअर' म्हणजे मघाशी सांगितल्याप्रमाणे. 'आय विल कम बॅक टू धिस इन अ मोमेंट' म्हणजे याकडे थोड्या वेळाने परत येते. हे शेवटचे म्हटले तर खरोखर परत यावे. परीक्षक विसरत नाहीत.

गटातल्या दुसऱ्याकडे सूत्रे देताना मुले 'नाउ ही विल टेल' म्हणून बाजूला सरकतात. त्याऐवजी 'आय विल नाउ हँड ओव्हर टू माय टीममेट, हू विल एक्सप्लेन द रिझल्ट्स.' आणि गटाचा विषय निघालाच आहे तर मनातली एक गोष्ट सांगून टाकतो. मुली आपले स्वतःचे कामही 'वी' म्हणून सांगतात. हवेच्या प्रवाहाचे सगळे गणित एकटीने केलेले असते आणि ती म्हणते, 'वी कॅलक्युलेटेड'. नम्रता चांगली, पण गुण ज्याचे त्याला मिळतात. गटाने केले ते 'वी'. आपण केले तिथे स्पष्ट 'आय' : 'आय वॉज रिस्पॉन्सिबल फॉर द एअरफ्लो कॅलक्युलेशन्स.' ही बढाई नाही, हिशेब आहे.

आकड्यांच्या जागी चांगले इंग्रजी बोलणारेही घसरतात, म्हणून इथे थोडे थांबू. स्लाइडवर आलेख आला की आधी तो कशाचा आहे ते सांगावे. 'धिस ग्राफ शोज हाउ द मॉइश्चर चेंजेस विथ टाइम.' आपल्या मनात 'हा आलेख दाखवतो आहे' असते, म्हणून तोंडातून 'धिस ग्राफ इज शोइंग' निघते. आलेख काही आत्ताच दाखवायला लागलेला नाही, तो नेहमीच दाखवतो. म्हणून 'शोज'. मग दोन अक्ष : 'द हॉरिझॉन्टल ॲक्सिस शोज टाइम इन अवर्स. द व्हर्टिकल ॲक्सिस शोज मॉइश्चर इन पर्सेंट.' आणि मग जिथे बघायचे तिथे बोट : 'आय वुड लाइक टू ड्रॉ युवर अटेन्शन टू धिस पॉइंट.'

रेषा खाली येते ती 'फॉल्स', झपकन येते ती 'फॉल्स शार्पली', हळूहळू येते ती 'फॉल्स ग्रॅज्युअली'. वर चढते ती 'राइझेस'. पुढे सपाट होते ती 'लेव्हल्स ऑफ', आणि बदलतच नाही ती 'रिमेन्स स्टेडी'. या पाच-सहा शब्दांत जगातला बहुतेक कुठलाही आलेख वाचून दाखवता येतो.

'बाय' आणि 'टू' यांत मात्र गल्लत करू नये. मराठीतला 'ने' म्हणजे 'बाय', आणि 'वर' म्हणजे 'टू'. ओलावा दहाने कमी झाला, 'इट फेल बाय टेन'. दहावर आला, 'इट फेल टू टेन'. एक छोटा शब्द बदलला की सगळा निकाल बदलतो. टक्क्यांत तर अजून एक खाच आहे. समजा मासळीतला ओलावा 75 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आला. 'इट फेल बाय सिक्स्टी पर्सेंट' म्हणावेसे वाटते, पण ते चूक. फरक 60 'पर्सेंटेज पॉइंट्स'चा आहे. मूळच्या 75 च्या मानाने घट काढली तर ती 80 टक्के येते. सावध परीक्षक नेमके इथे पकडतात. सगळ्यात सुरक्षित वाक्य म्हणजे 'द मॉइश्चर फेल फ्रॉम सेव्हन्टी-फाइव्ह पर्सेंट टू फिफ्टीन पर्सेंट.' दोन्ही आकडे सांगून मोकळे व्हावे.

दशांशाचेही असेच. 3.25 हे 'थ्री पॉइंट टू फाइव्ह', 'थ्री पॉइंट ट्वेन्टी-फाइव्ह' नव्हे. पैशांची गोष्ट असेल आणि ऐकणारा परदेशी असेल तर लाख-कोटी त्याला कळत नाहीत. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, हे गणित आधीच करून ठेवावे. उभ्या उभ्या करायला गेलो की एखादे शून्य हमखास पडते.

निकाल सांगताना 'प्रूव्ह' हा शब्द जपून वापरावा. मुलगी म्हणते, 'वी हॅव प्रूव्हड दॅट अवर ड्रायर इज बेटर', आणि परीक्षक शांतपणे विचारतात, किती वेळा चाचणी घेतली? तीन. तीन वेळांत सिद्ध होत नाही. 'अवर रिझल्ट्स सजेस्ट दॅट' म्हणजे आमचे निष्कर्ष असे सुचवतात की. हे इंग्रजी जास्त प्रामाणिक आहे आणि जास्त शिकलेलेही. जे केले नाही ते स्वतःच सांगून टाकावे : 'वी टेस्टेड इट ओन्ली इन समर.' उणीव आपण सांगितली तर ती मर्यादा ठरते, परीक्षकांनी काढली तर चूक.

आता लुकम्याची वाक्ये, म्हणजे अडखळल्यावर स्वतःच स्वतःला द्यायचा हात. आमच्या मते ही सगळ्यात आधी पाठ करावीत, कारण ती जवळ आहेत एवढ्यानेच निम्मी भीती जाते. वाक्य मध्येच फसले तर 'सॉरी, लेट मी रिफ्रेज दॅट.' समोरच्याला कळले नाही असे दिसले तर 'लेट मी पुट इट अनदर वे.' कागद चाळायचा असेल तर 'जस्ट अ मोमेंट, प्लीज', आणि खरोखर तो क्षण घ्यावा, पाणी प्यावे, घाई करू नये. काही राहून गेले तर 'लेट मी गो बॅक टू द प्रीव्हिअस स्लाइड.' वीज गेली, प्रोजेक्टर बंद पडला, तर 'आय विल कंटिन्यू विदाउट द स्लाइड्स.' हे वाक्य ज्याला म्हणता आले त्याचे निम्मे गुण तिथेच पक्के झाले असे समजावे.

शब्दच आठवला नाही तर? वस्तूचे वर्णन करावे. ट्रे अडकवायची खुंटी म्हणजे काय ते आठवत नाही, तर 'द पार्ट दॅट होल्ड्स द ट्रे'. आणि काही शब्दांना इंग्रजी नसतेच, तिथे आपलाच शब्द बेधडक वापरावा : 'वी कॉल इट सोडे. इट इज ड्राइड प्रॉन.' बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात, ज्यात बदक नावालाही नाही. तेव्हा शब्दांच्या बाबतीत इंग्रजांपुढे आपण फार लाजायचे कारण नाही.

शेवट करताना मुले 'दॅट्स ऑल' किंवा 'धिस मच ओन्ली' म्हणून थांबतात. दहा मिनिटे चांगले बोलून झाल्यावर हे कानाला खटकते. आधी सार सांगावे : 'टू सम अप, वी बिल्ट अ लो-कॉस्ट ड्रायर, वी टेस्टेड इट थ्री टाइम्स, अँड इट वर्क्ड फास्टर दॅन ओपन ड्राइंग.' मग 'दॅट ब्रिंग्ज मी टू द एंड ऑफ माय प्रेझेंटेशन. थँक यू फॉर युवर टाइम. आय विल बी ग्लॅड टू टेक युवर क्वेश्चन्स.' पडद्यावर फुलांच्या चित्रासह मोठे 'थँक यू' ठेवण्यापेक्षा साराचीच स्लाइड राहू द्यावी. प्रश्न चालू असताना परीक्षकांच्या डोळ्यांपुढे आपला निकाल राहतो.

आणि प्रश्न. खरी परीक्षा इथे असते, कारण इथे पाठांतर चालत नाही. प्रश्न ऐकू आला नाही किंवा कळला नाही तर 'व्हॉट?' नको, 'कम अगेन' तर नकोच. 'सॉरी, आय डिड नॉट कॅच दॅट. कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?' असे म्हणावे. पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. न समजता भलतेच उत्तर देण्यात आहे. अर्धवट समजला असेल तर आपण समजलेला अर्थ सांगून खात्री करावी : 'इफ आय अंडरस्टँड करेक्टली, यू आर आस्किंग व्हेदर इट विल वर्क विदाउट सनलाइट.' याने विचार करायला दहा सेकंद मिळतात, तो फायदा वेगळाच.

'दॅट इज अ गुड क्वेश्चन' हे वाक्य सगळ्यांना आवडते. मित्रांपुढे ठीक आहे. तीस वर्षे शिकवलेल्या परीक्षकांना प्रत्येक प्रश्नाला असे प्रमाणपत्र देऊ नये. 'थँक यू, सर' पुरे. उत्तर येत नसेल तर सरळ सांगावे, पण दार बंद करू नये. 'आय डू नॉट नो' एवढेच बोलून गप्प बसण्यापेक्षा 'आय डू नॉट हॅव दॅट फिगर विथ मी, बट आय कॅन चेक इट', किंवा 'वी डिड नॉट टेस्ट दॅट.' परीक्षकांचे म्हणणे पटत नसेल तर 'नो सर' ने सुरुवात करू नये : 'आय सी युवर पॉइंट, सर. अवर रीझन फॉर चूझिंग धिस वॉज द कॉस्ट.' मान राखून आपली बाजू मांडता येते. घरी बुजुर्गांशी आपण तसेच बोलतो.

एक शब्द आपल्याकडे सर्रास चालतो : 'आय हॅव अ डाउट'. भारतात त्याचा अर्थ शंका, प्रश्न. बाहेरच्या माणसाला वाटते की याचा आपल्यावर विश्वास नाही. खाडी देशांत साइटवर सकाळी 'टूलबॉक्स टॉक' होतो, म्हणजे कामाआधी सुरक्षिततेबद्दल पाच मिनिटे बोलणे. तिथे समोर फिलिपिनो, मिसरी, इंग्रज सगळे असतात. अशा ठिकाणी 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणावे. तिथे अवघड इंग्रजीचा उपयोग नाही. ही बिजागरीची साधी वाक्येच कामाला येतात.

उच्चारांविषयी आपल्या घरांना एक देणगी आहे, ती फार कोणी सांगत नाही. ज्या घरात उर्दू बोलली जाते तिथल्या मुलांना 'जमीन', 'नजर' यांतला ज आणि 'फिक्र', 'साफ' यांतला फ बालपणापासून येतो. 'रिझल्ट', 'डिझाइन' यांत तोच ज आहे, आणि 'फिश', 'फायनल', 'ग्राफ' यांत तोच फ, खालच्या ओठावर दात टेकवून हवा सोडलेला. फळातला फ तिथे चालत नाही. मात्र 'व' सगळ्यांनाच शिकावा लागतो. 'व्हेरी', 'व्हिलेज' मध्ये दात ओठाला लागतात. 'वी', 'वर्क', 'वॉटर' मध्ये ओठांचा चंबू होतो, दात लागत नाहीत. 'प्रेझेंट' या शब्दात जोर कुठे द्यायचा तेही पाहावे. भेटवस्तू किंवा हजर असेल तर सुरुवातीवर, 'सादर करणे' असेल तर शेवटावर. म्हणून वर आम्ही 'आय विल प्रिझेंट' असे लिहिले.

तालीम या शब्दाचे दोन अर्थ आपल्या घरात एकत्र नांदतात. उर्दूत शिक्षण, मराठीत रंगीत तालमीतली तालीम. इथे दुसरी हवी. 1924 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावी राल्फ स्मेडली यांनी लोकांना चारचौघांत बोलायला शिकवण्यासाठी टोस्टमास्टर्स नावाचा क्लब सुरू केला. आज त्याच्या शाखा जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. त्यांच्या सभेत एका माणसाकडे एवढेच काम असते की बोलणारा किती वेळा 'अं', 'आ' करतो ते मोजायचे. हे काम करायला इंग्रजी येण्याची गरज नाही. दादीपुढे वाटीत तुरीचे दाणे ठेवावेत. नातीने 'बेसिकली', 'ॲक्च्युअली' किंवा 'अं' म्हटले की दादीने एक दाणा बाहेर काढायचा. पहिल्या दिवशी मूठभर निघतील, आठव्या दिवशी दोन-चार. अब्बांनी घड्याळ धरावे. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द हा बरा वेग. त्यापेक्षा जास्त पळाली तर हात वर करावा. अम्मीने नजरेकडे लक्ष द्यावे. पोर कागदात बघते की पडद्याकडे पाठ वळवते? परीक्षकांच्या डोळ्यांत रोखून पाहायला संकोच वाटत असेल तर कपाळाकडे पाहावे, समोरच्याला फरक कळत नाही.

पहिल्या तालमीत दहा मिनिटे बोलूच नये. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 साली एक स्पर्धा सुरू केली. पीएच.डी.चे विद्यार्थी आपले वर्षानुवर्षांचे संशोधन तीन मिनिटांत, एकाच स्लाइडवर सांगतात. आपणही आधी तीन मिनिटांत सांगून पाहावे, तेही मराठीत किंवा घरात जी बोली असेल तिच्यात. तिथे जे नीट सांगता येत नाही ते इंग्रजीतही येणार नाही, आणि अडचण भाषेची होती की विषयाची, ते लगेच कळते. मग बिजागऱ्यांची वाक्ये घालून इंग्रजीत तीन मिनिटे, आणि त्यानंतर पूर्ण दहा.

प्रश्न विचारायला धाकटी भावंडे उत्तम. त्यांना भीड नसते. मासळीला वास येत नाही का? मांजर आत शिरले तर? ढग आले तर? यांतले निम्मे प्रश्न परीक्षक विचारणारच आहेत, फक्त इंग्रजीत. पाचवीतला भाऊ म्हणेल, 'बाजी, पावसाळ्यात तुझे यंत्र काय करणार?' तेव्हा हसण्यावारी न नेता त्याच्याकडे वळून, जणू तोच परीक्षक आहे अशा आवाजात सांगावे : 'वी हॅव नॉट टेस्टेड इट इन द मॉन्सून येट, सर. बट वी हॅव लेफ्ट स्पेस फॉर अ स्मॉल हीटर.'